निराधारचा अर्ज अडतो कुठे?

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, सेतूच्या रांगेत किंवा सिव्हिलच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "कागद तर सारे देऊन झाले, आता पगार कधी चालू होईल?" पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा मिळणारे पैसे. उत्तरही बहुधा ठरलेले असते: "वर पाठवलंय." वर म्हणजे कोणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेला, आणि तिथून पुढे कुठे, हे सांगायला कोणाला वेळ नसतो. विचारणारा कुबड्या सावरत परत एसटी गाठतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

हे टेबल कोणते ते अर्जदाराला कळू शकते आणि त्या टेबलाला कायद्याने मुदतही बांधून दिलेली आहे. ती मुदत माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्या अर्जांत कित्येक महिन्यांचा फरक पडतो.

1. कामे दोन, कचेऱ्याही दोन

पहिला घोळ इथेच होतो. दिव्यांगत्वाचा दाखला हे एक काम आहे आणि अनुदान हे दुसरे. दाखला देतो आरोग्य विभाग. तुमच्या शरीराला किंवा मनाला कायमची किती मर्यादा आहे, एवढेच तो ठरवतो. अनुदान देतो महसूल विभाग, म्हणजे तहसील. तुम्हाला आधाराची गरज आहे का, घरात उत्पन्न किती, तुम्ही इथलेच रहिवासी का, हे तो पाहतो. दवाखान्यातला अर्ज आपोआप तहसीलला जात नाही. दिव्यांगत्वाचे कार्ड घरी आले म्हणून पैसे सुरू होतील या समजुतीने वर्षभर वाट पाहणारी माणसे आजही भेटतात.

दाखल्यामागचा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. तो एप्रिल 2017 पासून लागू आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. दाखल्यासाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो आणि जून 2021 पासून दाखले तिथूनच ऑनलाइन निघतात. दाखल्याबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. 40 टक्क्यांखाली पांढरे, 40 ते 80 च्या आत पिवळे, 80 आणि त्यापुढे निळे. अनुदानासाठी किमान 40 टक्के लागतात. हा दाखला देशभर चालतो. नागपूरला किंवा सुरतेला राहायला गेलात तरी नवा काढायची गरज नाही.

अनुदानाची योजना 1980 पासूनची आहे. जुलै 2023 मध्ये रक्कम 1,000 वरून 1,500 रुपये झाली. जून 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, त्यात दिव्यांगांचे मानधन वाढवण्याची मागणी होती. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी 2,500 रुपये मंजूर केले आणि ते ऑक्टोबर 2025 पासून लागू झाले. 2016 च्या कायद्याचे 24 वे कलम सांगते की, सरकारने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत दिव्यांगांना इतरांसारख्याच योजनेत किमान 25 टक्के जास्त मदत द्यावी. इतर निराधारांना 1,500 मिळत असतील, तर दिव्यांगांना किमान 1,875 मिळायला हवे होते. तरीही 2023 ते 2025 या काळात दोघांनाही 1,500 च मिळत होते. हा हिशेब दिव्यांगांनी मागून घेतला. कोणी आपणहून दिला नाही.

2. गाडीचा वेग आणि थांब्यावरचा वेळ

संग्रामपूरच्या माणसाला बुलढाणा गाठायचे तर शेगाव, खामगाव करत गाड्या बदलाव्या लागतात. गाडी जोरात चालवणे त्याच्या हाती नसते. पण एक गाडी उतरल्यावर पुढची कोणत्या फलाटावर लागते आणि किती वाजता सुटते हे ठाऊक असेल, तर तो दुपारपर्यंत पोहोचतो. ठाऊक नसेल तर मुक्काम पडतो. अर्जाचेही तसेच आहे. डॉक्टरांची तपासणी अर्ध्या तासाची असते, तहसीलदारांची सही तर क्षणाची. महिने जातात ते या दोहोंच्या मधल्या थांब्यांवर.

थांबे असे: पोर्टलवर नोंदणी, रुग्णालयाकडून तारीख, मंडळाची म्हणजे बोर्डाची तपासणी, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, तहसीलमधली छाननी, समितीची बैठक आणि शेवटी बँक. सगळे एकापाठोपाठच करायला हवेत असे मात्र नाही. बोर्डाची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली असेल, तर मधल्या दिवसांत रहिवासाचे पुरावे जमवता येतात आणि आधारमधली नावदुरुस्ती व बँकेचे काम उरकता येते. रहिवासाची अट महाराष्ट्रात किमान 15 वर्षांची आहे. तिच्यासाठी शाळेचा दाखला, मतदार यादी, रेशनकार्ड अशी जुनी कागदपत्रे शोधायला घरातच आठवडा जातो.

उत्पन्नाच्या दाखल्याची मात्र घाई करू नये. त्यावर मुदत छापलेली असते आणि ती बहुधा 31 मार्चला संपते. जानेवारीत काढलेला दाखला बोर्डाचे काम होईस्तोवर शिळा होतो आणि छाननीत अर्ज परत येतो. बोर्डाचा निकाल हाती पडण्याच्या सुमारास तो काढला म्हणजे पुरे.

3. एका अक्षराची अडचण

आधारवर सुभद्रा, रेशनकार्डावर सुबद्राबाई, बँकेच्या पासबुकात आडनाव आधी आणि वडिलांचे नाव गायब, शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल वेगळे. ग्रामीण भागातल्या अर्जांत हे इतके नेहमीचे आहे की, सेतूवर बसणारा मुलगाही त्याकडे दुर्लक्ष करतो. पण संगणक दुर्लक्ष करत नाही. पोर्टल आधारवरचे नाव धरून चालते. तेच नाव दाखल्यावर उतरते आणि पुढे बँकेतल्या नावाशी ताडले जाते.

म्हणून पहिले काम पोर्टल उघडण्याचे नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी मांडा आणि नाव, जन्मतारीख, पत्ता यांवर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या आणि त्यात सध्या चालू असलेला मोबाइल नंबर टाकून घ्या, कारण पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतील. कुष्ठरोगामुळे, अपघातामुळे किंवा जन्मतः ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यांच्यासाठी आधारमध्ये अपवादाची सोय आहे. ठसे घेता येत नाहीत म्हणून कोणालाही आधार नाकारता येत नाही.

कोणी स्टँपवर प्रतिज्ञापत्र आणायला सांगितले तर कशासाठी, ते विचारा. 2015 पासून महाराष्ट्रात बहुतेक दाखल्यांसाठी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायला सरकारी शुल्क नाही. अर्ज भरून झाला की नोंदणी क्रमांक मिळतो. तो लिहिलेली पावती छापून घ्या आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे जिथे जिथे दाद मागायची वेळ येईल, तिथे हा क्रमांक आणि ही तारीख लागेल. एजंटाने अर्ज भरून दिला, स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला आणि पावती स्वतःकडे ठेवली, तर त्या अर्जाची दोरी त्याच्या हातात गेली असे समजा.

4. बोर्डाचा दिवस

पोर्टलवर रुग्णालय निवडावे लागते. राहत्या जिल्ह्यातले किंवा जिथे उपचार चालू आहेत ते सरकारी रुग्णालय निवडता येते. घाटाखालच्या तालुक्यांतल्या लोकांना याचा मोठा उपयोग आहे. नांदुरा, शेगाव, खामगावकडचे पुष्कळ रुग्ण आधीपासूनच अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार घेतात. त्यांचे जुने कागद तिथेच असतात, तज्ज्ञही तिथेच असतात. त्यांनी राजूरचा किंवा बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला येण्याआधी हा पर्याय तपासावा. बुलढाण्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही 2024 मध्ये मान्यता मिळाली आहे. तज्ज्ञांची संख्या वाढेल तसा जिल्ह्यातला हा भार हलका व्हायला हवा.

बोर्ड रोज बसत नाही. कोणत्या वारी बसते आणि त्या दिवशी तुमच्या प्रकारचे तज्ज्ञ हजर असतात का, हे निघण्याआधी फोन करून विचारावे. अस्थिरोगतज्ज्ञ असतात, पण मानसोपचारतज्ज्ञ किंवा श्रवणचाचणी करणारे नसतात, असे होऊ शकते. अशा वेळी गतिमंद मुलाला घेऊन आलेल्या आईची अख्खी फेरी वाया जाते, शिवाय दोघांची मजुरीही बुडते.

बोर्डासमोर बसल्यावर काय होते, ते नीट समजून घ्यायला हवे. डॉक्टर तिथे उपचार करायला बसलेले नसतात. आजार कोणता यापेक्षा त्यामुळे काय करता येत नाही, हे त्यांना मोजायचे असते. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत किती जोर आहे, कोणत्या ओळीपर्यंत अक्षरे दिसतात, किती डेसिबलचा आवाज ऐकू येतो, याचे तक्ते केंद्र सरकारने ठरवून दिले आहेत. ते 2018 मध्ये आले आणि मार्च 2024 मध्ये सुधारले गेले. आपल्याकडची माणसे डॉक्टरसमोर ताठ बसतात. "कसं आहे?" असे विचारले की "बरं आहे" म्हणतात. बोर्डासमोर हे सौजन्य नुकसान करते. विहिरीवरून पाणी आणता येत नाही, बटण लावता येत नाही, रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू येत नाही, असे जे खरे आहे ते स्पष्ट सांगावे. वाढवून काहीच सांगू नये, कारण मोजमाप यंत्राने आणि तक्त्याने होते.

मानसिक आजाराचा रुग्ण तपासणीच्या दिवशी शांत आणि नीटनेटका दिसू शकतो. त्याच्या बाबतीत उपचारांचे जुने कागद आणि त्याच्यासोबत घरात राहणारा माणूस, दोन्ही हवेत. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वता यांच्या चाचण्या लागतात. त्या आधीच झालेल्या असतील तर अहवालाची मूळ प्रत न्या. अल्पवयीन किंवा स्वतः अर्ज करू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी पालक अर्ज करू शकतात.

दाखला हाती आला की काउंटरवरून हलण्याआधी तो वाचा. नाव आधारप्रमाणे आहे का? टक्केवारी आकड्यात आणि अक्षरात एकच आहे का? दाखला कायमस्वरूपी आहे की तात्पुरता? तात्पुरता असेल तर मुदत केव्हा संपते? ती तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. मुदत संपल्याचे लक्षात न आल्याने चालू अनुदान बंद पडते आणि मग सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

मुदतीचे म्हणाल तर, 2017 च्या नियमांत दाखल्याचा निर्णय एका महिन्यात द्यायचा होता. ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीने ती मुदत तीन महिने झाली. ही दुरुस्ती दिव्यांगांच्या अडचणी वाढवणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच वर्षी एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला होता आणि बनावट दाखल्यांच्या पडताळणीला जोर चढला होता. पडताळणी हवीच. पण तिच्यामुळे लांबलेल्या दिवसांची किंमत मोजतो तो खरा दिव्यांग. त्याच दुरुस्तीतली आणखी एक बाब लक्षात ठेवा: दोन वर्षे निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो. तारीख चुकली असेल तर स्वस्थ बसू नका, रुग्णालयात जाऊन दुसरी तारीख मागा.

5. तीस आणि वीस म्हणजे पन्नास का नाही?

हा प्रश्न फार जण विचारतात. एक डोळा गेला आणि दुसरा उत्तम असेल, तर तक्त्याप्रमाणे 30 टक्के धरतात. एकट्या त्यावर अनुदान मिळत नाही. पण त्याच माणसाच्या पायात जुन्या फ्रॅक्चरमुळे 20 टक्के दोष असेल तर?

दोन दिव्यांगत्वे एकत्र मोजताना साधी बेरीज करत नाहीत. कारण दोन मोठे आकडे मिळवले तर बेरीज शंभराच्या वर जाईल. त्यासाठी सूत्र ठरलेले आहे. मोठा आकडा तसाच घ्यायचा. तो 90 मधून वजा करायचा. जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागायचे आणि येणारे उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे.

आपल्या उदाहरणात मोठा आकडा 30. नव्वदातून तीस गेले, साठ उरले. साठ गुणिले वीस म्हणजे 1,200, त्याला नव्वदने भागले की 13 पूर्णांक काही अपूर्णांक. तीस अधिक तेरा म्हणजे सुमारे 43 टक्के. एका डोळ्यावर नाकारला गेलेला माणूस पायाची नोंद झाल्याबरोबर पात्र ठरतो.

पोर्टलवर अर्ज भरताना मात्र बहुतेक जण एकच प्रकार निवडतात. "मुख्य कोणतं ते सांगा," असे सेतूवाला विचारतो, अर्जदारही जे जास्त त्रास देते तेच सांगतो. दुसरी मर्यादा कागदावर येतच नाही, मग बोर्डही ती तपासत नाही. दोन अवयवांना दोष असेल तर दोन्ही नोंदवा.

टक्केवारी पटली नाही किंवा दाखला नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. ते देणे बंधनकारक आहे. निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत अपील करता येते. तोंडी "बसत नाही" ऐकून घरी परतलेल्या माणसाकडे अपिलासाठी कागदच नसतो.

6. कोणत्या रकान्यात बसता?

पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागात, मूत्रपिंडाच्या आजाराने खचलेली माणसे गावोगाव आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा माणूस कामाला जाऊ शकत नाही. तो दिव्यांगाचा दाखला मागायला जातो आणि कित्येक फेऱ्यांनंतर त्याला कळते की, एकवीस प्रकारांत मूत्रपिंडाचा आजार नाहीच. त्याचा अर्ज लवकर पुढे सरकवायचा एकच मार्ग आहे: योग्य रकान्यात अर्ज करणे. संजय गांधी योजनेत क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे. त्यासाठी सरकारी डॉक्टरांचा आजाराचा दाखला जोडून थेट तहसीलला जायचे असते.

उलटही घडते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ऑटिझम हे 2016 च्या कायद्यात नव्याने आले आहेत. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, पण "हातपाय तर धड आहेत" म्हणून त्यांतले कितीतरी जण अर्जच करत नाहीत.

7. उत्पन्नाची भिंत

आता तहसीलकडे वळू. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे, इतरांसाठी 21,000. हे आकडे महिन्यावर आणून पाहा. पन्नास हजार म्हणजे महिना सुमारे 4,167 रुपये, एकवीस हजार म्हणजे 1,750. समजा, घरात नवरा-बायको दोघे शेतमजुरी करतात, रोज 300 रुपये मिळतात आणि वर्षात शंभर दिवस काम लागते. दोघांचे मिळून 60,000 झाले. एवढ्याशा मजुरीनेही ते घर मर्यादेच्या बाहेर गेले.

ही मर्यादा आजच्या महागाईला अजिबात धरून नाही. ती किमान दुप्पट व्हावी, अशी मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून शासनाकडे पाठवावी असे मला मनापासून वाटते. खोटा दाखला काढून ही अडचण सुटत नाही. पडताळणीत तो सापडला की वसुली निघते आणि तीही ज्याच्या घरी चूल जेमतेम पेटते त्याच्याकडून.

उत्पन्नाचा दाखला मिळायला मात्र दिरंगाई सोसायचे कारण नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे हा दाखला 15 दिवसांत द्यायचा असतो. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूवर अर्ज केल्याची पावती घ्या. मुदत उलटली तर 30 दिवसांत पहिले अपील, त्यानंतर दुसरे, आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे करता येते. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. वकील लागत नाही.

8. फाइल कोणाकडे आहे?

तहसीलमध्ये संजय गांधी योजनेचा स्वतंत्र विभाग असतो. अर्ज तिथे दिला की कागदपत्रांची छाननी होते आणि पात्र अर्जांची यादी तालुका समितीसमोर जाते. तहसीलदार या समितीचे सदस्य सचिव असतात. समितीची बैठक झाल्याशिवाय मंजुरी नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली किंवा समितीच नेमलेली नसली की बैठका लांबतात. अर्ज देतानाच दोन गोष्टी विचारून ठेवा: मागची बैठक केव्हा झाली आणि पुढची केव्हा आहे. पुढच्या बैठकीच्या यादीत नाव यायचे असेल, तर तुमच्या अर्जातली त्रुटी तोपर्यंत दूर झालेली असली पाहिजे. म्हणून अर्ज दिल्यावर आठ-दहा दिवसांनी "माझ्या अर्जात काही कमी आहे का, ते लेखी द्या," असे साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या.

त्यानंतरही हालचाल नसेल, तर महाराष्ट्रात एक कायदा आहे जो फार थोड्यांना ठाऊक आहे. तो 2005 चा, जुलै 2006 पासून लागू झालेला. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याप्रमाणे कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे एक फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. पत्र लिहिताना या कायद्याच्या कलम 10 चा उल्लेख करा. रागाने लिहायची गरज नाही. असे लिहिले तरी भागते:

"मी दिनांक अमुक रोजी अर्ज क्रमांक तमुक दिला आहे. तो आज कोणत्या कर्मचाऱ्याकडे व कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे आणि समितीच्या कोणत्या बैठकीत ठेवला जाईल, हे कृपया लेखी कळवावे."

हेच तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारले तर 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ. अनुभव असा की, प्रश्न जितके थोडे आणि नेमके, तितके उत्तर लवकर मिळते. पंधरा मुद्द्यांचा अर्ज टाकला की तो स्वतःच एक फाइल होऊन बसतो.

तक्रारी ऐकण्यासाठीचा तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकाऱ्यांचा पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्याला अर्ज करावा, तिथे काम झाले नाही तर बुलढाण्याला. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आधी देऊन ठेवावा लागतो, ऐनवेळी गेलात तर तुमचे प्रकरण यादीत नसते. दिव्यांग म्हणून हक्क डावलला जात असेल, तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे टपालाने तक्रार करता येते. चौकशीसाठी अधिकाऱ्यांना बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत.

9. मंजूर झाले, पण पैसे?

डिसेंबर 2024 पासून ही रक्कम डीबीटीने, म्हणजे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येऊ लागली. इथे एक बारकावा आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते डीबीटीला जोडले गेले, असे होत नाही. एका आधारला अनेक खाती असू शकतात, पण सरकारी पैसे त्यांतल्या एकाच खात्यात येतात. ते म्हणजे सर्वांत शेवटी जोडलेले खाते. मधल्या काळात गावात शिबिर झाले आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे खाते उघडले गेले असेल, तर पैसे तिकडे जमा होत असतात आणि माणूस इकडे जुन्या पासबुकावर नोंद शोधत असतो. बँकेत "माझे डीबीटीसाठी आधार सीडिंग कोणत्या बँकेला आहे?" असे विचारा. आधारच्या संकेतस्थळावरही ते पाहता येते.

अनुदान चालू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि मागतील तेव्हा उत्पन्नाचाही. तो चुकला की अनुदान थांबते.

शेवटी एक विनंती. गावातल्या ज्या मुलामुलींना मोबाइलवर फॉर्म भरता येतो, त्यांनी आपल्या वस्तीतल्या एका तरी दिव्यांग माणसाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरून द्यावा आणि पावती त्याच्याच हाती ठेवावी. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरही त्याच्याच घरचा टाकावा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. या वर्षी ते कशावर खर्च झाले हे ग्रामसभेत विचारा. अर्जदारांना बोर्डापर्यंत नेण्यासाठी गाडी त्यातून करता येईल का, हेही त्याच सभेत विचारा.